बडोद्यातील विद्यार्थी आणि तेथील ग्रंथालये

एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम इमारतीकडे जाते, नंतर प्राचार्यांच्या नामावलीकडे आणि शेवटी परीक्षांच्या निकालांकडे. विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक कोणत्या वाटेने येत होते, त्यासाठी त्याला किती पैसे मोजावे लागत, कोणाची मनधरणी करावी लागे, बसावयास जागा मिळे की नाही, हे प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. वस्तुतः विद्येचा खरा व्यवहार याच ठिकाणी होत असतो. व्याख्यान तासाभरात संपते. पुस्तक मात्र विद्यार्थ्याजवळ रात्रभर राहते. या दृष्टीने पाहता महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांच्या वसतिस्थानांपैकी बडोद्याचा इतिहास विशेष मननीय आहे. तेथे पन्नास-साठ वर्षांच्या अवधीत विद्यार्थी आणि पुस्तक यांमधील अंतर हेतुपुरस्सर कमी करण्यात आले. तो उद्योग कसा झाला, कोठे सफळ झाला आणि कोठे अपुरा पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

बडोदा कॉलेजची स्थापना १८८१ साली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीराव महाराज (तिसरे) यांस राज्याचे पूर्ण अधिकार प्राप्त झाले. चिझम या वास्तुविशारदाने रचलेली घुमटाची ती भव्य इमारत आजही विश्वविद्यालयाच्या आवारात उभी आहे. कॉलेज मुंबई विश्वविद्यालयास संलग्न होते. १८५७ साली स्थापन झालेल्या त्या विश्वविद्यालयाचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे. त्यामुळे संलग्न महाविद्यालयांतील अध्ययनही परीक्षेच्या मापाने कातरले जाई. नेमलेली चार पुस्तके, त्यांवरील टीपा आणि प्राध्यापकांनी सांगितलेले टिपण एवढी सामग्री विद्यार्थ्यास पुरेशी वाटे. या पलीकडे जाण्याची ज्यास इच्छा होई, त्याची वाट मात्र सुगम नव्हती.

कॉलेजाबाहेर पुस्तके मिळण्याचे ठिकाण म्हणजे नगरांतील वाचनालये. मराठी मुलखात यांची परंपरा जुनी. बेळगावचे वाचनालय १८४८ सालचे आणि कोल्हापूरचे १८५० सालचे. इंग्रजी अमदानीत ‘नेटिव्ह लायब्ररी’ या नावाने ही जी वाचनालये निघाली, त्यांनी लोकशिक्षणाचे मोठे कार्य केले, यात संशय नाही. परंतु ती वर्गणीवर चालत. वकील, मामलेदार, शिक्षक, पेढीवाले हे त्यांचे आधारस्तंभ. विद्यार्थी तेथे गेलाच तर वर्तमानपत्राच्या मेजाशी उभा राहावयाचा. कपाटाची किल्ली त्याच्यासाठी सहसा फिरत नसे. ज्याच्यापाशी वर्गणी नाही त्याच्यापाशी जिज्ञासाही नसावी, असे जणू गृहीत धरलेले असे.

अशा परिस्थितीत विद्यार्थ्याचे ग्रंथालय म्हणजे त्याचा प्राध्यापक. याचे बडोद्यातील ठळक उदाहरण अरविंद घोष यांचे आहे. ते १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत आले, पुढे कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक व उपप्राचार्य झाले आणि १९०६ मध्ये बडोदे सोडून बंगालकडे गेले. त्यांना बंगाली शिकविण्यासाठी काही काळ त्यांच्यासोबत राहिलेले दीनेंद्रकुमार राय यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, मुंबईच्या ग्रंथविक्रेत्यांकडून अरविंदांची पुस्तके रेल्वेने खोकी भरभरून येत आणि आलेली पुस्तके अल्पावकाशात वाचून संपत. कन्हैयालाल मुनशी हे त्या काळी बडोदा कॉलेजात अरविंदांचे विद्यार्थी होते. राष्ट्रभावना कशी जोपासावी, असे विचारता अरविंदांनी भिंतीवरील हिंदुस्थानच्या नकाशाकडे बोट दाखविले आणि विवेकानंदांचे ग्रंथ वाचावयास सांगितले, असे मुनशींनी सांगितले आहे. ही हकीकत गुरुशिष्यसंबंधाचे उदाहरण म्हणून नेहमी उद्धृत होते. आम्हांस तीत आणखी एक गोष्ट दिसते. कोणते पुस्तक वाचावे हे सांगणारा मनुष्य मिळणे हा त्या वेळी निव्वळ योगायोग होता. ज्याला असा गुरू लाभला त्याचे भाग्य उघडले. बाकीच्यांनी टिपणावर समाधान मानावयाचे. योगायोगावर अवलंबून असलेली ही व्यवस्था पालटून तिला स्थिर रूप कसे द्यावे, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर बडोद्यात निराळ्याच दिशेने आले. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. सक्तीने अक्षरे शिकविलेली मुले शाळा सोडल्यावर काय वाचणार? वाचावयास काहीच नसेल, तर चार वर्षांत अक्षरओळख पुसली जाईल आणि शाळांवरील खर्च व्यर्थ ठरेल. शिक्षण हे जर राज्याचे कर्तव्य असेल, तर शिकलेले टिकविणे हेही राज्याचेच कर्तव्य होय, या विचाराने महाराज ग्रंथालयांकडे वळले. १९०६ आणि १९१० या वर्षांतील अमेरिकेच्या प्रवासांत तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या दृष्टीस पडली होती. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांस त्यांनी १९१० साली बडोद्यास आणिले. बोर्डन सुमारे तीन वर्षे बडोद्यात राहिले. अवधी थोडा, परंतु त्यात त्यांनी जी चौकट घालून दिली ती पुढे कित्येक दशके टिकली.

या चौकटीचे स्वरूप थोडक्यात असे. राज्यात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन झाले आणि महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ त्यास देऊन टाकिले. वाचनासाठी फी वा वर्गणी नव्हती. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग निघाले. गावोगावच्या ग्रंथालयांना साहाय्य देण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरविलेली होती: गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच स्थानिक बोर्डाने घालावी आणि तेवढीच सरकारने. अशा रीतीने गावाचा एक रुपया तीन रुपयांच्या बरोबरीचा होई, आणि गावाने काहीच न केल्यास त्यास आयतेही काही मिळत नसे. या ग्रामीण चळवळीस मोतीभाई अमीन यांच्या निरलस सेवेचे मोठे बळ मिळाले. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. पेटीत पंधरा ते तीस पुस्तके. ती वाचून झाली की पेटी परत यावयाची आणि दुसरी जावयाची. वाहतुकीचा भार वाचकावर नव्हता. ज्यांस वाचता येत नसे त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाची चित्रे आणि चलच्चित्रपट दाखविणारी शाखा होती. व्याख्यान, चित्रदर्शन आणि वाचन या तिन्ही गोष्टी एकाच खात्याच्या कार्यात मोडतात, ही कल्पना त्या काळी आपल्याकडे नवीन होती.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला, हे नीट ध्यानी घेतले पाहिजे. कॉलेजात शिकणारा मुलगा सुटीत आपल्या गावी गेला तरी पुस्तकांपासून सर्वथा तुटत नसे. शहरात असताना कॉलेजच्या ग्रंथसंग्रहाखेरीज दुसरे एक मोठे, विनामूल्य आणि परीक्षेशी संबंध नसलेले ग्रंथालय त्यास खुले झाले. हा शेवटचा विशेष आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. कॉलेजचे ग्रंथालय विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाचा घटक म्हणून ओळखते. सार्वजनिक ग्रंथालय त्यास वाचक म्हणून ओळखते. एकाच तरुणास या दोन्ही ओळखी लाभणे, ही बडोद्यातील विद्यार्थ्याची विशेष कमाई होय.

बोर्डन यांनी १९११ साली ग्रंथपालनाच्या शिक्षणाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या वर्गांत त्याची गणना होते. लाहोरास पंजाब विश्वविद्यालयात डिकिन्सन यांनी असाच वर्ग काढला तो १९१५ साली, आणि रंगनाथन यांनी मद्रास विश्वविद्यालयाचे ग्रंथपालपद स्वीकारले ते १९२४ साली. या कालक्रमावरून बडोद्याचे अग्रेसरत्व स्पष्ट होते. पुस्तकांचा रखवालदार आणि ग्रंथपाल यांत भेद आहे, ग्रंथपालासही शिकावे लागते, ही गोष्ट बडोद्याने प्रत्यक्ष आचरणात आणून दाखविली.

१९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक बडोद्यास निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतील मजकूर असे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या घटनेकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. वर्गीकरण, सूची, देवघेव, फिरती पेटी, बालविभाग या विषयांवर मराठीत लिहावयाचे म्हणजे त्यासाठी भाषा घडवावी लागते. आपण आज हे शब्द सहज उच्चारतो. परंतु विषयाचा अनुभव असल्यावाचून शब्द रूढ होत नाहीत, आणि तो अनुभव मराठी मनुष्यास या खात्यात मिळाला. बोर्डन यांच्यामागून खात्याची धुरा वाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या चळवळीवर १९१९ साली ग्रंथ लिहिला. तो इंग्रजीत आहे. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम पुढे चालविले आणि १९२८ साली बडोद्याच्या ग्रंथालयांवर आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ग्रंथालये उभारली तरी त्यांत ठेवावयास देशी भाषांतील पुस्तके हवीत. ती उणीव भरून काढण्यासाठी महाराजांनी दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढिला आणि त्यातून सयाजी साहित्यमालेतील मराठी व गुजराती ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागले. त्यापूर्वीच, १८९० साली निघालेल्या कलाभवनात धंदेशिक्षण देशी भाषांतून देण्याचा उपक्रम त्रिभुवनदास गज्जर यांनी आरंभिला होता आणि त्यासाठी पाठ्यग्रंथही सिद्ध करविले होते. दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी.

व्यवस्था कशी होती हे खात्याच्या अहवालांवरून कळते. ती विद्यार्थ्यास कशी भासली हे मात्र विद्यार्थ्यानेच सांगावे लागते. सुदैवाने असा एक साक्षीदार आपणांस लाभला आहे. विनायक नरहर भावे, म्हणजेच पुढील काळातील आचार्य विनोबा, यांचे हायस्कूलचे आणि कॉलेजचे शिक्षण बडोद्यास झाले. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली आणि संस्कृत घरी शिकून घेतले. वर्गात त्यांचे मन रमत नसे; ते रमे मध्यवर्ती ग्रंथालयात. सुटीच्या दिवसांत दुपारचे जेवण आटोपून ते तेथे जाऊन बसत. कपाटांतील पुस्तके स्वतः काढून पाहण्याची मुभा ग्रंथपालांनी त्यांस दिली होती.

याच ग्रंथालयातील एक प्रसंग विनोबांनी सांगितला आहे. उन्हाळ्याचे दिवस होते. उकाडा असह्य झाल्यामुळे त्यांनी सदरा काढून ठेवला आणि उघड्या अंगाने वाचीत बसले. तेथील एका नोकराने हटकले की, कपडे कसे घालावेत याची काही अक्कल असावी. देवाने जी अक्कल दिली आहे तिच्याप्रमाणेच घातले आहेत, असे उत्तर देऊन विनोबा पुन्हा वाचू लागले. तक्रार वर गेली. मुख्य अधिकारी इंग्रज होते. त्यांनी विनोबांस आपल्या खोलीत बोलाविले, समोर उभे केले आणि उघड्या अंगाकडे बोट दाखवून, हे काय, म्हणून विचारले. विनोबा उत्तरले की, ज्या देशात मी जन्मलो तेथे स्वतः बसून दुसऱ्यास उभे ठेवणे सभ्यपणाचे मानीत नाहीत. अधिकारी प्रसन्न झाले. त्यांनी विनोबांस बसावयास खुर्ची दिली. उन्हाळ्यात उघडे बसणे या देशात असभ्य नाही, हे विनोबांचे म्हणणे त्यांनी मान्य केले आणि कोणती पुस्तके आवडतात याची चौकशी केली.

ही आख्यायिका म्हणून सांगून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे. १९१४-१५ च्या सुमारास एक इंग्रज अधिकारी आणि एक निर्धन हिंदी विद्यार्थी यांच्यामध्ये असा संवाद होऊ शकतो, आणि त्याचा शेवट शिक्षेत न होता पुस्तकांविषयीच्या चौकशीत होतो, यावरून त्या संस्थेचे शील कळून येते. नियम होते, परंतु ते कशासाठी आहेत याचा विसर पडलेला नव्हता. वाचावयास आलेला मनुष्य वाचीत राहावा, हा मूळ हेतू. बाकीचे सर्व त्याच्या सोयीसाठी.

विनोबांच्या विद्यार्थिदशेतील दुसरी गोष्टही तितकीच बोधप्रद आहे. १९१४ साली त्यांनी व त्यांच्या मित्रांनी बडोद्यास विद्यार्थी मंडळ काढिले. तेथे भाषणे होत, चर्चा होत, जयंत्या व उत्सव साजरे होत. या मुलांनी चरित्रे, प्रवासवर्णने, इतिहास, विज्ञान अशा विषयांवरील सुमारे १६०० पुस्तकांचा स्वतःचा संग्रह उभा केला. शेजारी राज्याचे भरलेले ग्रंथालय विनामूल्य खुले असताना मुलांना स्वतःचे ग्रंथालय काढावेसे का वाटले? आमच्या मते याचे कारण असे की, भरलेल्या ग्रंथालयाने वाचनाची भूक शमत नाही, ती वाढते. जेथे पुस्तके दुर्मिळ असतात तेथे विद्यार्थी ती मागतो. जेथे ती सहज मिळतात तेथे तो ती निवडू लागतो, इतरांस देऊ लागतो आणि त्यांवर वाद घालू लागतो. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयास निघालेले विनोबा वाटेत उतरून काशीस गेले. कॉलेजच्या दृष्टीने ते अर्धवट शिकलेले ठरले. ग्रंथालयाच्या दृष्टीने त्यांचे शिक्षण उत्तम झालेले होते.

परंतु बडोद्याची केवळ उजळ बाजू सांगणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. भीमराव आंबेडकर यांस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळत असे. पुढे १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयात अध्ययन केले. त्या शिष्यवृत्तीच्या करारान्वये ते १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. शहरात त्यांस राहावयास घर मिळेना. त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला. तेथील मोठ्या दालनात ते एकटे असत. कंदिलाच्या अंधुक उजेडात पुस्तकांत मन गुंतवून एकटेपणा विसरण्याचा आपण प्रयत्न करीत होतो आणि दालनात घिरट्या घालणारी वटवाघळे त्यात व्यत्यय आणीत, असे त्यांनीच लिहिले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांस ती जागा सोडावी लागली. दोन स्नेह्यांकडेही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत संध्याकाळपर्यंत वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

ज्या नगरात विनोबांना खुर्ची मिळाली, त्याच नगरात अवघ्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने आंबेडकरांना निवारा मिळाला नाही. राजाने शिष्यवृत्ती दिली. नगराने खोली दिली नाही. ग्रंथालयाचे दार हुकमाने उघडता येते, घरांची दारे हुकमाने उघडत नाहीत. विद्यार्थ्यास साहाय्य करणे म्हणजे त्यास पुस्तक आणि पैसा पुरविणे एवढेच नव्हे. त्यास बसावयास, निजावयास आणि माणूस म्हणून वावरावयास जागा हवी, हा धडा बडोद्याच्या इतिहासातून जितका स्पष्ट मिळतो तितका अन्यत्र क्वचितच मिळेल. शिष्यवृत्तीच्या इतिहासकारांनी कोलंबियाबरोबर कामाठी बागेचीही नोंद ठेविली पाहिजे.

ग्रंथालयाच्या पुढील वाढीचा वृत्तांत आम्ही संक्षेपानेच देतो. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून संशोधनाची एक स्वतंत्र शाखा फुटली. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ साली प्रसिद्ध झाला. चिमणलाल दलाल हे त्या मालेचे आद्य संपादक. १९२७ साली प्राच्यविद्यामंदिर स्वतंत्र झाले. १९३१ साली मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळील नव्या इमारतीत गेले. तेथील लोखंडी मांडण्या आणि मजल्यामजल्यांवर प्रकाश झिरपावा म्हणून घातलेल्या काचेच्या फरशा आजही पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात. १९३९ साली महाराज निवर्तले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. विश्वविद्यालयाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. विश्वविद्यालयाचे ग्रंथालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

बडोद्यात मराठी ही बहुसंख्य प्रजेची भाषा कधीच नव्हती. राजघराणे आणि त्याच्यासोबत आलेला परिवार मराठी, प्रजा मुख्यत्वे गुजराती. तरीही १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने या नगरात भरली. भाषेस राजाश्रय होता म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु राजाश्रय १९४९ मध्ये संपला आणि मराठी वाचक तेथे त्यानंतरही राहिला. त्यास टिकवून धरणाऱ्या गोष्टींत त्या कपाटांतील मराठी पुस्तकांचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे. ज्या भाषेची पुस्तके परप्रांतातील विद्यार्थ्यास विनासायास मिळतात, ती भाषा त्याच्यासाठी केवळ स्वयंपाकघरापुरती उरत नाही.

ग्रंथालयांचे कायदे आता झाले आहेत. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, महाराष्ट्राने १९६७ साली आणि गुजरातेने २००१ साली ते केले. महाविद्यालयांत ग्रंथपाल आहेत, वाचनकक्ष आहेत, पुस्तकपेढ्या आहेत, आणि वर्षाकाठी ग्रंथप्रदर्शनेही भरतात. ही सामग्री बोर्डन यांच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक आहे. तिचे मोजमाप मात्र आपण अद्यापि कपाटातील पुस्तकांच्या संख्येने करतो. ती पुस्तके कोणाच्या हाती गेली, हे सहसा पाहत नाही.

यासंबंधी आमची एक विनंती आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा आणि बडोदे येथील जुन्या मराठी वाचनालयांतून आणि महाविद्यालयांतून दाखलनोंदीच्या आणि देवघेवीच्या ज्या जुन्या वह्या पडून असतील, त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. कोणते पुस्तक केव्हा आले, किती वेळा बाहेर गेले, कोणत्या वर्षी मराठी पुस्तकांची मागणी वाढली वा घटली, याचा पुरावा त्या वह्यांखेरीज अन्यत्र मिळणार नाही. विनोबांची हकीकत विनोबांनी सांगितली म्हणून आपणांस कळली. त्यांच्या शेजारी बसून वाचणाऱ्या आणि पुढे प्रसिद्धीस न आलेल्या शेकडो विद्यार्थ्यांची हकीकत त्या वह्यांतच आहे. ती सुरक्षित ठेवण्याचे काम स्थानिक संस्थांनी आपल्या वार्षिक कार्यक्रमात घ्यावे, एवढे सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो.